पिल्लं नेमकी कोण नेतं? घुबड, शिक्रा आणि घारीपासून परसातल्या कोंबड्या राखताना

प्रश्न असा आहे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका ताईंकडे डझनभर गावरान कोंबड्या आहेत. त्यांनी फेरीवाल्याकडून चाळीसेक पिल्लं घेतली आणि महिनाभरात ती निम्म्यावर आली. बहुतेक पिल्लं दिवसाढवळ्या गेली, मागे काही उरलं नाही. शिवाय कडुनिंबावर बसणारी एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, सकाळी झाडाखाली मुंडकं नसलेली सापडली. शेजारच्या पडक्या धाब्याच्या घरात पांढऱ्या तोंडाच्या घुबडांची जोडी राहते. गावात सगळे म्हणतात की चोर तीच आहेत, धूर करून हाकला नाहीतर मारून टाका. काय करावं?

ताई, तुमच्याकडे चोर एक नाही, किमान दोन आहेत, आणि ज्यांच्यावर आळ आलाय ती जोडी बहुधा त्यात नाही. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड म्हणजे गव्हाणी घुबड. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. सव्वा-दीड किलोची कोंबडी उचलणं सोडाच, तिच्या वाटेलाही ते जात नाही. त्याचं पोट भरतं उंदरांवर, घुशीच्या पिल्लांवर, चिचुंद्र्यांवर. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. दिवसा त्या पडक्या घरात जा. जोडी जिथे बसते त्याच्या खाली अंगठ्याएवढ्या काळपट, कडक गोळ्या पडलेल्या असतील. घुबड शिकार सबंध गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून ओकतं. दोन-चार गोळ्या काडीने पाण्यात भिजवून उलगडा. पिवळ्या दातांचे उंदरांचे जबडे निघतील. कोंबडीची पिसं आणि पिल्लांच्या तंगड्या निघाल्या तर मला खोटं ठरवा. रात्री उघड्यावर राहिलेलं एखादं पिल्लू गव्हाणी घुबड कधी उचलणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण तुमची पिल्लं दिवसा गेलीत आणि त्या वेळी ही जोडी आढ्याला झोपलेली असते.

दिवसाच्या चोऱ्यांसाठी माझा पहिला संशय शिक्र्यावर. कबुतराएवढा पक्षी, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे लाल किंवा पिवळे. गावात त्याला फारसं कोणी ओळखत नाही, कारण तो घारीसारखा आभाळात घिरट्या घालून दिसत नाही. आंब्याच्या नाहीतर निंबाच्या पानोळ्यात गप्प बसतो आणि पिल्लं मोकळ्यात आली की कुंपणाला घासत, जमिनीलगत येऊन एक उचलून जातो. सगळं दोन-तीन श्वासांत उरकतं. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत अंगणात फक्त बाकीची पिल्लं दडलेली असतात. तो येण्याआधी खारी आणि सातभाई ओरडून गोंधळ घालतात, तो आवाज ओळखायला शिका. घार मात्र उघड येते, वरून दोन-तीन फेऱ्या मारते, मग झेप घेते. तिला मोकळं अंगण लागतं. तिसरा कावळा. डोमकावळा आठ-दहा दिवसांचं पिल्लू सहज नेतो, आणि एकदा चटक लागली की रोज त्याच वेळेला हजर होतो. तुमची पिल्लं कोणत्या वेळेला आणि अंगणाच्या कोणत्या कोपऱ्यातून जातात, हे चार दिवस ओट्यावर बसून बघितलं तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

आता निंबाखालची तलंग. ही रात्रीची गोष्ट आहे आणि इथे घुबडाचा संबंध असू शकतो, पण वेगळ्या घुबडाचा. तापीच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांच्या दरडींमध्ये, सातपुड्याच्या कपारींमध्ये शृंगी घुबड राहतं. दीड-पावणेदोन फूट उंच, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे झुबके, डोळे नारिंगी. रात्री लांबवरून ‘बूऽऽ-बो’ असा घुमणारा आवाज येत असेल तर ते तुमच्या शिवारात आहे असं समजा. ससा, मोराचं पिल्लू मारणाऱ्याला झाडावर झोपलेली तलंग जड नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे फांदीवरची कोंबडी हलतसुद्धा नाही. जड शिकार जागेवर टाकून मुंडकं आणि मान खाणं ही मोठ्या घुबडाची खूण आहे खरी, पण रानमांजर आणि उदमांजरही असंच करतात. म्हणून पिसं बघा. पिसं मुळासकट उपटलेली, देठ शाबूत, एका जागी पसरलेली असतील तर काम पक्ष्याचं. देठ चावलेले, तुटलेले, लाळेने चिकटलेले असतील तर काम दाताच्या जनावराचं. बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. मुंगूस मानेला चावतं आणि संधी मिळाली तर एकाच वेळी अनेक मारून ठेवतं. घूस पिल्लू ओढून बिळात नेते. साप अंडी आणि पिल्लं सबंध गिळतो, मागे काही राहत नाही, मोठं पिल्लू गिळता आलं नाही तर डोकं ओलं करून टाकून देतो. कुत्रा फाडतो जास्त, खातो कमी.

चाळीसातली निम्मी पिल्लं जाण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते फेरीवाल्याच्या टोपलीत आहे. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना आई नसते. गावरान खुडुक कोंबडी दहा-बारा पिल्लं घेऊन फिरते तेव्हा तिचा एक डोळा आभाळात असतो. घारीची सावली पडली की ती एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं पंखाखाली नाहीतर काट्याकुट्यात घुसतात. वेळ पडली तर ती कावळ्यावर, मांजरावर धावून जाते. विकतच्या पिल्लांना हे शिकवणारं कोणी नाही, ती उघड्यावर घोळक्याने उभी राहतात. त्यात गुलाबी-हिरवी रंगवलेली असतील तर विचारूच नका, शिकारी पक्ष्यांची नजर रंग फार लांबून हेरते. रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात, ती ना अंडी देतात ना नीट वजन धरतात, तेव्हा ती घेऊच नका. पुढच्या वेळी घरचीच अंडी खुडुक कोंबडीखाली ठेवा. विकतची घ्यायचीच झाली तर ती एक-दोन दिवसांची असताना, रात्रीच्या अंधारात, नुकतीच पिल्लं काढलेल्या कोंबडीखाली सरकवा. बऱ्याच गावरान कोंबड्या ती आपली मानतात.

सध्या उरलेल्या वीसेक पिल्लांना आजपासून मोकळं सोडू नका. गावरान पिल्लू दीड महिन्यात पाव किलोच्या आसपास पोचतं, दोन महिन्यांनी शिक्र्याला ते झेपत नाही आणि कावळा तर जवळही येत नाही. म्हणजे राखण खरी दोन महिन्यांची आहे. तेवढे दिवस डोक्यावर छत हवं.

त्यासाठी दहा फूट बाय सहा फूट जागा पुरे. घरालगत, दुपारी सावली येईल अशी निवडा. बाभळीच्या नाहीतर बांबूच्या मेढी रोवा, उंची तुम्हाला आत उभं राहून झाडता येईल इतकी ठेवा, कारण बुटकी जागा कोणी रोज साफ करत नाही. खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावा. दुकानात षटकोनी भोकांची कोंबडी जाळी मिळते, पण तिची मोठी भोकं मुंगसाच्या पिल्लाला आणि सापाला अडवत नाहीत. म्हणून खाली बारीक जाळी, वर मोठी चालेल. जाळीचा तळ जमिनीत फूटभर गाडा किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवा पसरून त्यावर दगड-माती टाका. उकरणारं जनावर जाळीच्या अगदी बुडाशी उकरतं, तिथे आडवी जाळी लागली की सोडून जातं. छताच्या अर्ध्या भागावर पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट टाका, अर्ध्यावर जाडसर नायलॉनची जाळी. जाळी ताणून बांधा. झोळ पडला तर वर बसलेला पक्षी खालच्या पिल्लाला पंजा घालू शकतो. तारेचे बांध वीतभर अंतरावर घ्या. एका कोपऱ्यात सुटलेली जाळी ही बिनजाळीपेक्षा वाईट, कारण आपण निर्धास्त होतो.

एवढा खर्च आत्ता जमत नसेल तर बांबूचं मोठं डालगं आणा आणि जागा बदलत बदलत पिल्लं त्याखाली ठेवा, वर दगड ठेवायला विसरू नका. आपल्या आज्या हेच करायच्या आणि त्यांची पिल्लं वाढायची.

तापीकाठच्या कोळी बांधवांकडून जुनी जाळी आणून छत करणारे बरेच आहेत. दोऱ्याची जाड जाळी असेल तर जरूर वापरा. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याची बारीक, पारदर्शक जाळी मात्र नको. ती पक्ष्याला दिसत नाही, घुबड तिच्यात अडकून पंख मोडून घेतं आणि धडपडीत जाळीही फाटते.

मोठ्या कोंबड्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना कोंडून ठेवायचं तर गावरान पाळण्यात अर्थच राहत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला दिवसा शिकारी पक्ष्याची भीती कमी असते. अगदी जंगलाला लागून असलेल्या पाड्यांवर मोरघार मोठी कोंबडीही मारते, पण पायथ्याच्या गावात ते क्वचित. तरी अंगणात लपायला जागा ठेवा. पऱ्हाट्यांची (कापसाच्या वाळक्या झाडांची) मोळी तिरपी उभी करून केलेला खोपा, जुनी खाट, टेकवून ठेवलेली केळीची सुकी पानं, उभी बैलगाडी, काहीही चालतं. पंधरा-वीस पावलांत एक आडोसा असला की घारीची झेप वाया जाते. मात्र हे आडोसे अंगणाच्या मध्ये हवेत. कुंपणालगत झुडपं आणि तुराट्यांचे ढीग असले तर त्यात मुंगूस नि रानमांजर बसतं, तेव्हा कडा साफ ठेवा. घारींचा त्रास फार असेल तर अंगणावर दीड-दोन फुटांच्या अंतराने जाड सुतळ्या आडव्या ताणा, वरून सरळ झेपावणारी घार त्यांना बिचकते. शिक्रा त्यांच्या खालून येतो, त्याच्यावर याचा उपयोग नाही.

दोन राखणदार फुकटात मिळतात. एक तुमचा कोंबडा. आभाळातल्या धोक्याला तो एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या धोक्याला दुसरा, कोंबड्यांना त्यातला फरक कळतो. डझनभर कोंबड्यांत एक जाणता, धिप्पाड कोंबडा असलाच पाहिजे. वीकेंडला रश्श्यासाठी कोंबडा कापायचा झाला तर जाणत्याला सोडून तरण्याला कापा. दुसरा राखणदार कोतवाल पक्षी. उन्हाळ्यात तो निंबावर, बाभळीवर घरटं करतो आणि घरट्याच्या आसपास घार, कावळा, शिक्रा कोणालाच टिकू देत नाही, अंगावर जाऊन चोचा मारतो. कोतवालाचं घरटं असलेलं झाड पावसाळा होईपर्यंत तोडू नका, छाटू नका. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास शिक्र्याच्या घरट्यात पिल्लं असतात, त्याच्या चोऱ्या तेव्हाच वाढतात, आणि नेमका त्याच दिवसांत कोतवाल कामाला येतो.

रात्रीसाठी नियम एकच. दिवेलागणीच्या आत सगळ्या कोंबड्या दाराआड. झाडावर एकही नको, मग ती कितीही हट्टी असो. आपल्याकडे हा नियम मोडतो तो आळसाने नाही, कापसामुळे. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, बाया शेतातून अंधार पडता पडता परततात, आणि थंडीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो. कोंबड्या वाट बघून निंबावर चढतात. हिवाळ्यात ‘घुबडं वाढली’ असं जे म्हणतात त्यामागे बरेचदा उशिरा लागलेली कडी असते. घरातल्या शाळकरी पोराकडे किंवा म्हाताऱ्या माणसाकडे हे काम सोपवा. डब्यात ज्वारी खुळखुळवून हाक मारायची, मूठभर आत टाकायची. आठ-दहा दिवसांत कोंबड्या त्या आवाजाला येतात. झाडावर झोपायची सवय लागलेल्या कोंबड्या अंधार पडल्यावर हाताने उतरवून आत ठेवा, हे पंधरा दिवस चिकाटीने करावं लागतं. शिवाय खोडाला माणसाच्या उंचीवर पत्र्याचा पट्टा गुंडाळा आणि खालच्या फांद्या काढा.

उन्हाळ्यात अडचण उलटी असते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दिवसानंतर पत्र्याचं खुराडं रात्री नऊलासुद्धा भट्टी असतं, म्हणून लोक दार उघडं टाकतात. दार उघडं ठेवू नका, दोन दारं करा. आत जाळीचं, बाहेर फळ्यांचं. उन्हाळ्यात फक्त जाळीचं लावा, थंडीत दोन्ही. भिंती कुडाच्या किंवा मातीच्या, छपरावर पाचट, लांबी पूर्व-पश्चिम. पत्राच असेल तर त्यावर पऱ्हाट्यांचा थर द्या आणि दुपारी ओलं गोणपाट टाका. आतल्या बसायच्या काठ्या जाळीपासून किमान फूटभर आत घ्या. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचं मुंडकं मांजर बाहेरूनच ओढतं, आणि सकाळी नाव घुबडाचं निघतं.

जुन्या सीडी, चमकणाऱ्या पट्ट्या, बुजगावणं हे सगळं आठवडाभर चालतं, मग घार त्याच बुजगावण्यावर येऊन बसते. जागा बदलत राहिलात तर थोडं जास्त चालतं. रात्रभर बल्ब लावण्याने घुबड पळत नाही. उलट दिव्याला किडे येतात आणि किड्यांसाठी पिंगळे येतात. पिंगळा वीतभर उंचीचा, किडे-उंदीर खाणारा, तुमच्या कोंबडीला त्याच्यापासून काही धोका नाही.

मेलेला कावळा टांगण्याचा उपाय मात्र कोणी सांगितला तर कानावर घेऊ नका. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाली होती आणि 2021 मध्ये तिथे पुन्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. मेलेल्या रानपक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. एकदम बरेच कावळे किंवा कोंबड्या मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. खाणं-पाणी शेडनेटखाली ठेवलं तर रानपक्ष्यांची विष्ठा त्यात कमी पडते, छताचा हा दुसरा फायदा. आणखी एक, कोंबडी कापल्यावरची आतडी, मासळीचं पाणी, मेलेली पिल्लं उकिरड्यावर टाकू नका, पुरा. घारी, कावळे आणि कुत्री यांना तुमच्या घराचा पत्ता आपणच देतो. सांडलेलं धान्यही झाडून घ्या, त्यावर उंदीर वाढतात आणि उंदरांमागे साप येतो. आणि जाता जाता, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली आहे ना? ती राहिली असेल तर शिक्रा वर्षभरात जेवढी नेईल त्याहून जास्त पिल्लं रोग एका आठवड्यात नेईल. आजारी, मागे रेंगाळणारं पिल्लूच शिकाऱ्याला आधी सापडतं, हेही आहेच.

मारण्याचं म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड, शिक्रा, घार यांना मारणं, पकडणं, त्यांची अंडी काढणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. दिवाळीच्या दिवसांत जादूटोण्यासाठी घुबडं मागत फिरणारी माणसं येतात, त्यांना पडक्या घराचा पत्ता सांगू नका. तुमच्या भागात तर जास्तच जपायला हवं. रानपिंगळा हा जगात फक्त मध्य भारतातल्या रानांत राहणारा छोटा घुबड. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो नामशेष झाला असं धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आज तोरणमाळच्या आणि यावल अभयारण्याच्या रानात तो आहे. तो दिवसाही उघड्या फांदीवर बसतो, म्हणून गलोलीच्या टप्प्यात येतो. पोरांना सांगून ठेवा.

विषाचंही तसंच. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड लावलेलं धान्य आधी तुमची कोंबडीच टिपते. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही दगावू शकतं, आणि ते गेलं की उंदीर मोकळे. भुईमुगाच्या आणि मक्याच्या शेताजवळ राहणाऱ्याला हे परवडणारं नाही. धूर करून जोडी हाकललीत तर तलंग मारणारा कोण होता ते तसंच राहील, वर धान्याच्या कोठीत उंदीर वाढतील.

जाळीत एखादं घुबड किंवा शिक्रा अडकलाच तर ओढाताण करू नका, पंजे खोल रुततात. जाड गोणपाट अंगावर टाकून डोकं झाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग जाळीच कापा, पक्ष्याला खेचू नका. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, थंड जागी ठेवा, खायला-प्यायला घालू नका आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.